चूक आणि खूण

हातमागावर विणलेले कापड, लाकडी ठशाने छापलेले कापड आणि तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून कागदावर उमटवलेले मुद्राचित्र या तीन वस्तू दिसायला वेगळ्या असल्या तरी एकाच कुळातल्या आहेत. तिन्हींचा जीव एकच कृती पुन्हा पुन्हा करण्यात असतो. धोटा एकदा टाकून कापड होत नाही आणि ठसा एकदा ठेवून चादर भरत नाही. पत्रा कोरण्याचे कष्टही एरवी एका प्रतीसाठी कोणी घेत नाही. यंत्राला नेमके हेच उत्तम साधते. त्यामुळे एकुलत्या एक रंगचित्राला यंत्राची झळ जेवढी लागली नाही, तेवढी या कलांना लागली. त्यांचे रसग्रहणही त्यामुळेच अवघड होते. तेच काम यंत्र अधिक वेगाने आणि स्वस्तात करत असेल, तर हातच्या वस्तूत पाहायचे तरी काय?

या प्रश्नाच्या दोन बाजू येथे एका मामाच्या आणि भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. दोघेही कल्पित आहेत. त्यांचे घर मात्र खऱ्या जागी आहे. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर, उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींच्या शेजारी बीरगांव आहे. हा भाग लोखंडाचा आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि घराच्या ओट्यावर रोज बसणारी काळी धूळ ही त्याची ओळख. मामा अशाच एका मिलमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांचे मूळ घर भंडाऱ्याकडचे. भाची खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात मुद्राचित्रण शिकते. हे विद्यापीठ १९५६ मध्ये सुरू झाले. इथे मराठी घर असण्यात काही नवल नाही. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७४१ च्या स्वारीपासून बसत गेला आणि १८५४ पर्यंत टिकला. तेव्हापासून नागपूर-भंडाऱ्याकडून इकडे येणारी वाट कधी मोडली नाही.

मामांची बाजू सरळ आहे. वस्तू मापात असावी, टिकावी आणि ज्याला लागते त्याला परवडावी. बत्तीस वर्षे सळई मापात काढण्यात गेलेल्या माणसाला 'थोडे इकडेतिकडे' हे शब्द रुचत नाहीत. "अगं, आमच्या मिलमध्ये सळईचं माप चुकलं की ती भंगारात जायची," ते म्हणतात. "आणि तुमच्याकडे फूल जागेवरून सरकलं की लगेच, हाताचं काम आहे, म्हणून भाव वाढतो. चुकीला कुठे भाव असतो का?"

भाचीचे उत्तर सहसा ऐकू येते तसे नाही. चुकीतच सौंदर्य असते असे ती म्हणत नाही. "चुकीला भाव नाहीच, मामा. सरकलेलं फूल ही चूकच. चांगला छिपा, म्हणजे ठशाने छापणारा, ते सरकू देत नाही. पण चूक वेगळी आणि खूण वेगळी. काम कसं झालं ते सांगते ती खूण."

हा भेद ध्यानात आला की पुढचे बरेच सोपे होते. कापड छापण्याचा ठसा लाकडाचा असतो. सागवान किंवा शिसवीसारखे घट्ट लाकूड त्याला लागते. गुजरातेत गांधीनगरजवळचे पेथापूर हे ठसे कोरणाऱ्यांचे नावाजलेले गाव आहे. एका नक्षीला बहुधा एकाहून अधिक ठसे लागतात. बाह्यरेषेचा वेगळा, जमीन भरण्याचा वेगळा, मधले रंग भरण्याचे वेगळे. कारागीर त्यांना रेख, गद आणि दत्ता म्हणतात. ठशाच्या कोपऱ्याला बारीक टोक ठेवलेले असते. त्याचा ठिपका कापडावर उमटतो आणि पुढचा ठसा त्या ठिपक्यावर जुळवून ठेवला जातो. छापलेल्या चादरीत ठरावीक अंतरावर हे ठिपके सापडतात. ते पाहून पुष्कळ गिऱ्हाइके कापड डागाळलेले समजून परत ठेवतात. तो डाग नसतो, ती जुळणीची खूण असते.

मामांना हे पटले, पण अर्धेच. त्यांनी बाजारातून आणलेली एक चादर समोर पसरली. "ही मिलमध्ये छापलेली. हिच्यातसुद्धा फुलं हललेली आहेत, रंग कुठे दाट कुठे फिका आहे. तुझ्या खुणा यंत्रानेही काढल्या की!"

भाचीने टेप मागितला. मामांच्या खिशात तो असतोच. एका फुलाच्या देठाशी शाईचा थेंब सांडल्यासारखा आकार होता. तिथून माप घेत सरळ रेषेत पुढे गेल्यावर ६४ सेंटीमीटरवर तोच थेंब, त्याच देठाशी, त्याच आकाराचा. आणखी ६४ सेंटीमीटरवर पुन्हा तोच. कापडाच्या रोटरी छपाईत निकेलचा जाळीदार नळा फिरतो आणि त्याचा प्रचलित घेर ६४ सेंटीमीटर असतो. नळ्यावर जे काढले असेल ते प्रत्येक फेऱ्यात तसेच उमटते, मुद्दाम काढलेली चूकसुद्धा. हातच्या छपाईत दोन प्रकार दिसतात. ठशाच्या लाकडाची एखादी कळी उडाली असेल, तर तो दोष दर ठशाला परत येतो. पण तळहाताचा दाब, गादीवरून उचललेला रंग, दुपारचा थकवा यांमुळे पडलेला फरक परत येत नाही. नकली कापडात सगळेच परत येते. पारखीचा हा नियम कुठल्याही दुकानात, कोणालाही न विचारता वापरता येतो. तो हाती आला तो मामांच्या टेपमुळे, हेही नोंदवले पाहिजे. मोजमाप हे रसिकतेच्या विरुद्ध असते असा समज आपल्याकडे उगाच रुजला आहे.

रंगाचे प्रकरण याहून खोल आहे आणि ते या घराच्या ओट्यावरच सुरू झाले. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातले बाग हे गाव ठशाच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. तिथले छपाईचे काम खत्री घराण्यांकडे आहे आणि कापडाचे मुख्य रंग तीनच आहेत, लाल, काळा आणि कापडाचा पांढरा. यातला काळा गंजापासून होतो. लोखंडाचे जुने तुकडे गुळाच्या पाण्यात घालून मडके दोन-तीन आठवडे झाकून ठेवतात. गूळ आंबतो, त्यात आम्ल तयार होते, ते लोखंड खाते आणि पाणी गढूळ तपकिरी होते. त्याला चिंचोक्याची खळ लावून दाट केले की ते ठशाने छापता येते. मडक्यातले पाणी स्वतः काळे नसते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेले असते. लोह आणि हिरड्यातले तुरट द्रव्य यांची गाठ पडली की रेषा डोळ्यांदेखत काळी पडते.

भाचीला हा प्रयोग करायचा होता आणि गंजलेल्या लोखंडाला बीरगांवात तोटा नाही. मामांनी वाकडे खिळे, एक तुटकी कडी आणि सळयांचे चार तुकडे आणून दिले. गूळ किती, पाणी किती हे तिने सांगितले. लोखंड आधी रॉकेलने पुसून तेल काढले पाहिजे, नाहीतर गंज धरणार नाही, हे मामांनी सांगितले. "आम्ही आयुष्यभर गंज घालवायला झटलो," ते म्हणाले, "आणि तू तो लोणच्यासारखा मुरवतेस." तिसऱ्या दिवशी मडक्यावर फेस आला. त्याचा वास आंबट आणि लोखंडी होता. मामा रोज सकाळी झाकण काढून पाहू लागले.

लाल रंगाची रीत आणखी चमत्कारिक आहे. ठशाने जे छापतात ती तुरटीची खळ असते आणि तिला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. कापड वाळते, काही दिवस मुरते, वाहत्या पाण्यात खळबळून धुतले जाते आणि मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात धावड्याच्या फुलांसह रंगात उकळले जाते. जिथे तुरटी बसली असेल तिथेच लाल चढतो. म्हणजे छिपा ठसा ठेवतो तेव्हा त्याला पुढचे चित्र पुरते दिसत नसते. उकळत्या भांड्यातून कापड वर येईपर्यंत काम बरे झाले की फसले हे कळत नाही.

"पण उकळतात त्या भांड्यात काय असतं?" मामांनी नेमक्या जागी बोट ठेवले. त्यात आज बहुतेक ठिकाणी अलिझरीन असते आणि ते कारखान्यात होते. मंजिष्ठा आणि आल यांच्या मुळांतून मिळणारा लाल पूर्वी मध्य भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात होता, आलीची तर शेती होत असे. १८६८ मध्ये जर्मनीत अलिझरीन प्रयोगशाळेत तयार झाले आणि थोड्याच वर्षांत मुळांचा बाजार बसला. "म्हणजे तुझा लाल आमच्यासारख्याच कुठल्यातरी कारखान्यातून येतो," मामा म्हणाले. भाचीने हे मान्य केले. बस्तरमधले पनिका विणकर मात्र आजही आलीच्या मुळाने सूत रंगवतात. सुताला आधी एरंडेल आणि लाकडाची राख लावून कित्येक दिवस तयार करावे लागते, तेव्हा त्यावर तो तांबूस-तपकिरी चढतो. जगदलपूरच्या आसपास विणल्या जाणाऱ्या पाटा साड्यांचे काठ-पदर त्या रंगाचे असतात. एकच रंग उन्हाळ्यातल्या वाळलेल्या मातीपासून ओल्या विटेपर्यंत किती छटा दाखवतो, ते पाहण्यासाठी तरी अशी एखादी साडी हातात घ्यावी. तरीही बागचे कापड अलिझरीनमुळे खोटे ठरत नाही. रंग कारखान्यातून आला तरी तो कुठे बसावा हे तुरटी, पाणी आणि छिप्याचा हात मिळून ठरवतात. विक्रेत्याने 'संपूर्ण नैसर्गिक' अशी चिठ्ठी लावली तर ती मात्र खोटी आहे, आणि गिऱ्हाइकाने तसे स्पष्ट विचारावे.

विणकामाकडे वळले की वादाचा रंग बदलतो, कारण इथे मामांची बाजू एका ठिकाणी निर्विवाद बरोबर आहे.

छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ हा कोशाच्या रेशमाचा मुलूख आहे. चांपा, कोरबा, रायगढ या बाजूला आणि इकडे भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे ऐन आणि अर्जुन या झाडांवर कोशाचे किडे वाढतात. तुतीच्या रेशमाचा पांढरा झगमगाट याला नाही. रंग मधासारखा, चकाकी दबलेली आणि पोत बोटाला किंचित खरखरीत लागणारा. मराठी घरांत सोवळ्यासाठी आणि लग्नकार्यासाठी याला मान होता. कोष उकळून मऊ करायचे, चार-पाच कोषांचे तंतू एकत्र ओढायचे आणि मांडीवर तळहाताने पीळ देत धागा काढायचा, ही जुनी पद्धत. हे काम बायकांचे होते. त्या तासन्‌तास मांडी घालून बसत. तेल किंवा राख लावलेल्या उघड्या मांडीवर धागा घासून घासून कातडी सोलवटत असे.

"भंडाऱ्याकडे आमच्या शेजारी एक आजी होत्या," मामा म्हणाले. "सण असला तरी त्यांना लुगडं नीट नेसता येत नसे, इतकी मांडी दुखायची. तुमच्या प्रदर्शनात लिहितात, हाताने काढलेला धागा. मांडीवर काढलेला, असं कोणी लिहीत नाही."

केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे धागा काढण्याचे यंत्र आणले ते मांडीवरची ही पद्धत बंद व्हावी म्हणूनच. यंत्राचा धागा अधिक एकसारखा येतो, बाईला बाकावर बसून काम करता येते आणि दिवसाकाठी धागाही जास्त निघतो. भाचीने येथे एक शंका काढून पाहिली. मांडीवरच्या धाग्याला जो जाडबारीकपणा असतो, त्याने कापडाला एक अंग येते, ते यंत्राच्या धाग्याला येत नाही. हे खरे आहे. पण मग तिने स्वतःच ती शंका मागे घेतली. "अंग येतं, मामा. पण ते कोणाच्या तरी अंगावरून येतं. ते मला नको." हस्तकलेच्या कौतुकात ही जागा नेहमी सुटते. प्रत्येक हातकाम जपण्यासारखे नसते. ज्यात कारागिराला निवड करता येते ते काम आणि ज्यात नुसते शरीर झिजते ते काम, यांना एका मापाने मोजणे हा कारागिरावर अन्याय आहे. कोशाच्या साडीत जपायचे ते मागावर घडते आणि मांडीवरचा पीळ यंत्राकडे गेल्याने त्याला धक्का लागत नाही.

मागावर काय घडते ते पाहायला भंडाऱ्याची करवतकाठी साडी योग्य आहे. मोहाडी, आंधळगाव या बाजूच्या कोष्ट्यांनी ती टिकवली आहे. मामींच्या लग्नातली एक साडी घरात होती. ती पसरून भाचीने काठ उजेडात धरला. अंग कोशाच्या नैसर्गिक रंगाचे, काठ गर्द तांबडा आणि दोन्हींच्या सीमेवर करवतीचे दाते. तांबडे त्रिकोण अंगात शिरलेले आणि अंगाचा मधाळ रंग त्यांच्या फटीत भरलेला. इथे तीन धोटे चालतात. डाव्या काठाचा, अंगाचा आणि उजव्या काठाचा. अंगाचा बाणा काठात जात नाही, काठाचा अंगात जात नाही. सीमेवर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ही सीमा दर ओळीला थोडी सरकवत नेली की दाता तयार होतो.

साडी उलटी केली की दात्याच्या कडेने हे अडकवलेले धागे बोटाला लागतात. पण खरी ओळख काठाच्या रंगात आहे. साध्या साडीत ताणा तांबडा आणि बाणा अंगाचाच असतो. दोघांच्या मिश्रणाने काठ फिका पडतो. करवतकाठीत ताणा तांबडा आणि बाणाही तांबडा, म्हणून काठ भरीव दिसतो. काठ उन्हात तिरका धरून हलवावा. दुसऱ्या रंगाची झाक तरळली तर अंगाचा बाणा काठात आलेला आहे. तिथे दाते असले तरी ते वेगळ्या युक्तीने काढलेले किंवा छापलेले आहेत.

मामांनी हिशेब मांडला. साडी साडेपाच मीटर. इंचाला ६० आडवे धागे धरले तर सुमारे १३,००० ओळी. दर ओळीला तीन धोटे म्हणजे ३९,०००. प्रत्येक धोट्याला फक्त दोन सेकंद धरले तरी जवळपास २२ तास, तेही न थांबता, धागा न तुटता, चहाला न उठता. ताणा भरण्याचे आणि धागे ओवण्याचे दिवस वेगळेच. मिनिटाला १२० ओळी टाकणारा यंत्रमाग साधी साडी पावणेदोन तासांच्या आसपास उतरवतो. "आता बोल," मामा म्हणाले. "बावीस तास कुठे आणि पावणेदोन तास कुठे. मजुरी नीट दिली तर ही साडी आमच्या वस्तीतली एक बाई घेऊ शकणार नाही."

हस्तकलेच्या बाजूने बोलणाऱ्याने या प्रश्नाला बगल देऊ नये. भाचीनेही दिली नाही. रोजच्या वापरासाठी यंत्रमागाचे कापडच लागेल, हे तिने कबूल केले. तिचा मुद्दा वेगळा होता. मामींची ही साडी चाळीस वर्षे टिकली आहे आणि मामींच्या नंतर ती तिच्याकडे येणार आहे. पावणेदोन तासांची साडी स्वतःच्या नावाने पावणेदोन तासांच्या भावात मिळाली तर कोणाचे नुकसान नाही. ती करवतकाठी म्हणून विकली जाते तेव्हा विणकराचे बावीस तास चोरीला जातात. म्हणूनच हातमागासाठी काही कापडप्रकार राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला आणि आज त्यात ११ प्रकार आहेत. रेशमासाठी सिल्क मार्क २००४ मध्ये आणि हातमागासाठी हँडलूम मार्क २००६ मध्ये आला, तोही यासाठीच. चौथ्या हातमाग गणनेत, २०१९-२० मध्ये, देशात ३५.२२ लाख विणकर आणि संबंधित कामगार नोंदले गेले. त्यांतल्या बहुसंख्य बायका आहेत. चिठ्ठी पाहावी, पण चिठ्ठी चिकटवता येते. उलटी बाजू आणि काठाची झाक फसवायला फार कठीण.

मुद्राचित्राबाबत मामांचा संशय सगळ्यांत जास्त होता आणि तिथेच त्यांची समज सगळ्यांत लवकर खुलली. भाचीने आणलेल्या चित्राखाली पेन्सिलीने ४/१५ असे लिहिलेले होते. पंधरांपैकी चौथी प्रत, असा त्याचा अर्थ. हा अंक बहुधा प्रतीची ओळख असतो, छापण्याचा क्रम असतोच असे नाही.

"पत्रा शाबूत आहे ना?" मामांनी विचारले. "मग पंधरावर का थांबायचं? दीडशे काढा, स्वस्त विका. ही तर मुद्दाम केलेली टंचाई झाली."

उत्तर पद्धतीवर अवलंबून आहे. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने रेषा काढून धातू उघडा करतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. आम्ल जितका वेळ चावेल तितकी रेषा खोल आणि दाट होते. हे एचिंग. मामांना आम्लाने सळई साफ करण्याची सवय होती, त्यांना हे लगेच समजले. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नसते. टोकदार सुईने धातू ओरबाडतात आणि रेषेच्या कडेला नांगराच्या तासासारखी बारीक किनार उभी राहते. त्या किनारीत शाई धरते, म्हणून रेषा मखमलीसारखी उमटते. ओला कागद आणि पत्रा जेव्हा दोन रुळांमधून जातात तेव्हा दाबाखाली ही किनार दर प्रतीला थोडी थोडी चेपत जाते. दहा-वीस प्रतींनंतर मखमल संपते आणि कोरडी ओरखड उरते.

"म्हणजे रुळाखाली बर चेपतो," मामा म्हणाले. त्यांच्या मिलमध्ये धातूच्या कडेला राहिलेल्या धारेला बर म्हणत. इंग्रजी मुद्राचित्रकारही त्या किनारीला तोच शब्द वापरतात. ड्रायपॉइंटची १५ ही संख्या धातूने ठरवलेली आहे. शिळाछापाच्या दगडावरून याहून पुष्कळ जास्त प्रती निघतात आणि संगणकातून काढलेल्या प्रतींना तर शेवटच नाही. तिथे खाली लिहिलेला आकडा विकणाऱ्याने ठरवलेला असतो. दोन्ही अंक दिसायला सारखे असतात, म्हणून अंक वाचण्याआधी पद्धत विचारावी. मामांचा टंचाईचा आरोप दुसऱ्या प्रकारावर पूर्ण लागू आहे.

हातचे काय आणि यंत्राचे काय ही सीमाही काळानुसार सरकत आली आहे आणि मराठी मुद्रणाचा इतिहास त्याला साक्ष आहे. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी अक्षरे उलटी कोरून गीता छापण्याचा उद्योग सुरू झाला आणि १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तो पुरा झाला. कोरणारा तांबट होता. भांड्यांवर नाव घालणाऱ्या हाताला इथे प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे काढायचे होते. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. धर्मग्रंथांच्या शाईत चरबी नको म्हणून त्यांनी तूप वापरले, असे सांगतात. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसने देवदेवतांची चित्रे घरोघर पोचवली. त्या काळी हा छापखाना म्हणजे हाताने चित्रे काढणाऱ्यांच्या पोटावर आलेले यंत्र होते. आज त्याच चित्राच्या जुन्या प्रती हस्तकलेच्या मोलाने जपल्या जातात. तेही अनाठायी नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि त्या दगडावर कोणीतरी ठिपक्या-ठिपक्याने त्या रंगाचा वाटा काढत असे. भिंगाखाली आजच्या कॅलेंडरमध्ये ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. जुन्या शिळाछापात दगडाचा दाणा आणि हाताचे ठिपके दिसतात, लहान-मोठे, दाट-विरळ, मानेच्या सावलीत गर्दी करणारे.

मामांनी घरातल्या देव्हाऱ्यामागच्या लक्ष्मीला भिंग लावले. जाळी निघाली. ते थोडे हिरमुसले आणि मग त्यांनी भंडाऱ्याच्या घरातल्या जुन्या चौकटीची आठवण काढून ती पुढच्या खेपेला आणायचे ठरवले.

सरगुजा जिल्ह्यातल्या जमगला गावच्या बायकांनी गोंदण्याचे आकार अंगावरून कापडावर आणले, तेही या कुळात जवळचे. तिथे ठसा नाही, पत्रा नाही, पण आजीच्या दंडावरची तीच नक्षी नातीच्या हाताने साडीवर पुन्हा उतरते. धुण्यात टिकावी म्हणून कापडाला लावायचा तयार रंग त्यात आला आहे. नक्षीच्या ठिपक्यांचा क्रम मात्र अंगावर होता तोच.

अठराव्या दिवशी मडके उघडले. भाचीने पाणी गाळून चिंचोक्याची खळ घातली आणि हिरड्याने पिवळसर झालेल्या मांजरपाटाच्या पट्टीवर छोटा ठसा ठेवला. पहिला ठसा मामांनी मारला. तो जास्त दाबला गेला आणि रेषा पसरली. दुसरा कोपऱ्यावर न जुळता अर्धे बोट सरकला. तिसरा बसला. रेषा आधी तपकिरी दिसली, मग राखाडी आणि चहा पिऊन होईपर्यंत काळी. मामांनी तिन्ही ठशांवर टेप लावला आणि पहिल्या दोहोंकडे बोट करून म्हणाले, "या चुका." तिसऱ्याच्या कोपऱ्यात जुळणीचा बारीक ठिपका उमटला होता. त्यावर त्यांनी नख ठेवले. "आणि ही खूण."

अशा वस्तू सांभाळण्याची रीत त्यांच्या घडणीतूनच निघते. कोशाची साडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. धुवून मऊ झालेल्या सुती कापडात गुंडाळावी, सोबत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे धागा एकाच जागी मोडत नाही. मुद्राचित्राच्या काचेचा स्पर्श कागदाला होऊ देऊ नये. पत्र्याच्या कडांचा कागदात उठलेला दाब आणि खालची पेन्सिलीची अक्षरे चौकटीखाली झाकू नयेत. बीरगांवसारख्या ठिकाणी खिडकीशी टांगलेल्या कापडावर बसणारी लोखंडी धूळ ओल्या फडक्याने पुसू नये, कोरडी झटकावी, कारण ओल लागली की तीही गंजून डाग पाडते. गंजाच्या काळ्या छपाईला तर लोखंडाचाच शाप आहे. जे लोह रंग पक्का करते तेच वर्षांनुवर्षे सूत खात राहते आणि जुन्या छापील कापडात लाल व पांढरे शाबूत असताना काळी रेषा आधी विरते. असे कापड सावलीत वाळवावे, पिळू नये आणि घडी घालताना मोड काळ्या रेषेवर येऊ देऊ नये.